डावा पाय आणि बारा आठवडे: हळू स्केटिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट एका ४१ वर्षांच्या इनलाइन स्केटरची, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवर जाणारीची आहे. तिच्या परवानगीनेच लिहितोय. तिची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, स्केटिंगचे तपशील तेवढे जसेच्या तसे ठेवलेत. माझी भूमिका सराव घेणाऱ्याची होती, त्यामुळे यातले चुकलेले निर्णयही बऱ्याच अंशी माझेच आहेत.

ती पस्तिशीत स्केटिंगला लागली. ११० मिलिमीटरची तीन चाकं असलेले स्केट, कमी उंचीचा स्पीड बूट, आठवड्यातून चार दिवस सराव. सराव नेहमी गटात आणि गटाची रीत ठरलेली: दोन फेऱ्या वॉर्म-अप, मग जो पुढे जाईल त्याच्या मागे सगळे. म्हणजे चारही दिवस जवळपास शर्यतच. पहिली तीन वर्षं वेग भराभर वाढला. मग १० किलोमीटरची वेळ २५ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास येऊन थांबली आणि पुढची दोन वर्षं तिथून हलली नाही. सहा-सात किलोमीटरनंतर कंबर भरून यायची. पुढच्या हंगामात तिला ४२ किलोमीटरची शर्यत पूर्वीपेक्षा चांगल्या वेळेत करायची होती.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिचं निदान तयार होतं. "सर, माझा दम कमी पडतोय. मला इंटरव्हल द्या." इंटरव्हल म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोरात केलेले छोटे तुकडे.

अडचण नेमकी काय होती

दम कमी पडत नव्हता. १० किलोमीटरच्या चाचणीत तिच्या हृदयाचे ठोके सरासरी मिनिटाला १७१ होते आणि तेवढ्यावर ती २५ मिनिटं टिकत होती. इंजिन चांगलंच चाललं होतं, पण त्यातली बरीच ताकद चाकांपर्यंत पोहोचत नव्हती.

पहिल्या दिवशी मी तिच्या ४०० मीटरच्या एका फेरीतले पुश मोजले (पायाने एकदा ढकललं की एक पुश). पूर्ण वेगात ९६ भरले. म्हणजे एका पुशमागे ४ मीटरच्या थोडंच वर आणि एका पायावर राहायचा वेळ जेमतेम ०.६ सेकंद. मग तिला म्हटलं, वेग अगदी कमी करा आणि एका पायावर जितकं जाता येईल तितकं सरळ जा. उजव्या पायावर चार सेकंद गेली. डाव्यावर दीड सेकंदातच स्केट आतल्या बाजूला कलला, उजवीकडे वळला आणि तिने घाईघाईने दुसरा पाय टेकवला.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. डावा पाय दीड सेकंदच तोल धरू शकतो, पण शर्यतीत त्याच्यावर ०.६ सेकंदच राहायचंय. मग ही कमजोरी दिसणार कधी? वेगात ती कधीच उघडी पडत नव्हती. तोल सुटायच्या आत दुसरा पाय खाली आलेला असायचा. शरीराने आपल्या परीने उत्तर शोधलं होतं: पाय पटापट बदला. हे उत्तर दोन वर्षं रोज घोटलं गेलं आणि गटात तिला "हिचे पाय काय भरभर चालतात" अशी शाबासकीही मिळत गेली.

त्याचे परिणाम एकात एक गुंतलेले होते. स्केट आतल्या कडेवर, म्हणजे चाकाच्या अंगठ्याकडच्या बाजूवर, टेकला की पुशचं अंतर सुरुवातीलाच कापलं जातं. चाक सरळ किंवा किंचित बाहेरच्या कडेवर टेकलं, तर शरीर त्याच्यावरून पलीकडे झुकेपर्यंत ग्लाइड, म्हणजे एका पायावर नुसतं पुढे जात राहणं, मिळतो आणि मग पूर्ण पाय बाजूला ढकलता येतो. आतल्या कडेवर टेकलं की ढकलायला उरतं अर्धंच. ती कसर भरून काढायला ती शेवटी पंजाने मागे झटका द्यायची. चाक मागे ढकललं तर ते नुसतं घरंगळतं. जमिनीचा आधार मिळतो तो चाकाच्या दिशेला काटकोनात, म्हणजे बाजूला ढकलल्यावर. पंज्याच्या झटक्यात पोटऱ्या थकत होत्या, वेग मात्र मिळत नव्हता.

कमरेचं कोडंही इथेच सुटलं. बाजूने काढलेल्या व्हिडिओत तिची पाठ खाली होती, पण गुडघे जवळपास सरळ. चांगले स्पीड स्केटर ग्लाइडमध्ये गुडघ्यात साधारण ११० अंशांपर्यंत वाकलेले असतात. तिचा कोन १४० च्या वर होता. बैठक गुडघ्यातून न घेता कमरेतून घेतली की सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येणारच.

एक खूण तर आमच्या डोळ्यांसमोरच होती. स्केट उलटे करून पाहिले तेव्हा डाव्या स्केटची तिन्ही चाकं आतल्या बाजूने उजव्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेली होती. आतली बाजू सगळ्यांचीच जास्त झिजते, कारण पुश त्याच कडेवर लागतो. पण दोन पायांत इतका फरक नसतो. एरवी ती दर महिन्याला चाकं डावी-उजवी अदलाबदल करायची, त्यामुळे ही खूण दर महिन्याला पुसली जात होती. त्या वेळी दोन महिने अदलाबदल राहून गेली होती, म्हणून दिसली.

समोर असलेले पर्याय

तिचा पहिला आग्रह इंटरव्हलचा. आठवड्याला दोन दिवस जोरदार तुकडे घेतले असते तर वेळ थोडी सुधारलीही असती. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोडायला लागणारी शक्ती घनाने. निव्वळ ताकदीवर वेग वाढवायचा तर किंमत फार पडते. शिवाय दमलेल्या पायांनी जोरात स्केटिंग करताना माणूस जुन्याच सवयीकडे धाव घेतो. ती सवय आणखी पक्की करण्यात मला अर्थ दिसेना.

दुसरा पर्याय १२५ मिलिमीटरची चाकं. गटात दोघांनी घेतली होती आणि तिला त्यांचा मोह होता. मोठं चाक खडबडीत रस्त्यावर चांगलं जातं आणि वेग टिकवतं, पण पाय जमिनीपासून आणखी वर जातो. जो घोटा ११० वर आत पडतोय तो १२५ वर जास्तच पडेल. यावर मी स्पष्ट नाही म्हटलं.

तिसरा, फक्त जमिनीवरचे ताकदीचे व्यायाम. गरज होती, पण ते एकटे पुरणार नव्हते.

चौथा, ठरवून हळू सराव. इथे "हळू" या शब्दाची फोड करायला आम्ही एक पूर्ण संध्याकाळ घालवली आणि ती वाया गेली नाही. धावणाऱ्याला हळू म्हणजे सरळ हळू: ठोके कमी, श्वास मोकळा, बोलता येईल इतका वेग. स्केटिंगमध्ये हळूचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. तंत्रासाठी हळू म्हणजे खोल बसून, एकेका पायावर दीर्घ ग्लाइड घेत जाणं. त्यात ठोके फार वाढत नाहीत, पण मांड्या पेटतात. खोल बैठकीत मांडीचे स्नायू सतत आवळलेले राहतात, त्यांच्यातला रक्तप्रवाह अडतो आणि प्राणवायू कमी पोहोचतो. स्पीड स्केटरवर झालेल्या प्रयोगांत हे नीट दिसलेलं आहे. दम वाढवण्यासाठी हळू म्हणजे तासभर निवांत जाणं, आणि तासभर निवांत जायचं तर माणूस हमखास उभा होतो. मग उंच बैठकीची सवय लागते.

एकाच सत्रात दोन्ही साधायला गेलं की दोन्ही हातचं जातं. म्हणून दोन्ही वेगळं करायचं ठरलं.

काय केलं

बारा आठवडे, आठवड्याला चार सत्रं. गट सोडायचा. तिच्यासाठी हा सगळ्यात अवघड निर्णय होता, कारण स्केटिंग म्हणजे तिच्यासाठी ती माणसंही होती. शेवटी असं ठरलं की वॉर्म-अपच्या दोन फेऱ्या गटाबरोबर आणि मग वेगळं व्हायचं.

दोन सत्रं तंत्राची. प्रत्येकी ३० मिनिटं, तीही पाय ताजे असतानाच, सत्राच्या सुरुवातीला. सत्राला एकच काम. आज फक्त डावा पाय टेकवणं, तर आज फक्त पाय परत आणणं. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून हेतुपूर्वक सरावाची कल्पना मांडली. तिचा गाभा मला इथे फार उपयोगी पडला: नेमकं एक लक्ष्य आणि चूक झाल्याबरोबर ती कळण्याची सोय. तास मोजून ते होत नाही.

चूक कळण्याची सोय आम्ही जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या पट्टीने केली. साधारण ३० मीटरची सरळ पट्टी. डाव्या पायाची तिन्ही चाकं पट्टीवर ठेवून जायचं. पाय आत कलला की स्केट पट्टी सोडतो, तिथे वाद घालायला जागाच नाही. पहिल्या दिवशी पट्टी तिसऱ्या मीटरला सुटली. तिला मी एवढंच सांगितलं होतं: नाक, गुडघा आणि पायाचं बोट एका ओळीत आणा आणि पाय टेकवताना करंगळीच्या बाजूने टेकवायचाय असं मनात धरा. करंगळी म्हटल्याबरोबर तिचा पाय बदलला. "बाहेरची कड" असं मी त्याआधी आठवडाभर सांगत होतो, त्याने काही होत नव्हतं. शब्दाने एवढा फरक पडतो हे मला दर वेळी नव्याने कळतं.

पट्टीनंतर तीन अंकांचा पुश. एक म्हणताना पाय शरीराच्या बरोबर खाली टेकवायचा. दोन म्हणताना टाचेवर भार ठेवून थेट बाजूला ढकलायचं, पंजाने झटका नाही. तीन म्हणताना मोकळा पाय मागून अर्धगोल फिरवून परत दुसऱ्या पायाशी आणायचा. एका पुशला दोन-अडीच सेकंद. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाई स्केटिंग विसरली की काय असं वाटावं इतकं सावकाश. गटातल्या एकाने तसं विचारलंही. दुसऱ्या आठवड्यात ती याच व्यायामात पडली. वेग नसल्यामुळे तोल सावरायला काही हाताशी नसतं आणि माणूस थेट कुशीवर जातो. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड होते म्हणून थोडक्यात निभावलं. हळू सरावाला पॅड नकोत असं समजणाऱ्यांना मी हा प्रसंग नेहमी सांगतो.

तिसरं सत्र दमाचं. ७५ मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगात. बैठकीचा तिढा असा सोडवला: तीन मिनिटं खाली, दोन मिनिटं मोकळं उभं. खालच्या तीन मिनिटांत बैठक बिघडली तर लगेच उभं व्हायचं. बिघडलेल्या बैठकीत एक मीटरही जायचं नाही.

चौथ्या सत्रात बूट न घालता व्यायाम: खोल बैठकीत स्थिर राहणं, एका पायाची बैठक, बाजूला उडी घेऊन एका पायावर थांबणं. वेगाचं सत्र मी पूर्ण काढून टाकलं. त्याबद्दल पुढे.

पाचवा आठवडा

पाचव्या आठवड्यात १० किलोमीटरची चाचणी घेतली. वेळ आली २६ मिनिटं. ५० सेकंद जास्त.

ती स्केट काढत काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, महिनाभर मेहनत करून मी मागे आले. गटात असते तर निदान होते तिथे तरी राहिले असते."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्यासमोर तीन रस्ते होते: सोडून देणं, आहे तसंच सात आठवडे रेटणं किंवा आराखडा बदलणं. मी आधी व्हिडिओ लावला. त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: पहिल्या चार किलोमीटरला डावा पाय सरळ टेकत होता, पण प्रत्येक पुशआधी एक बारीकशी अडखळ होती. ती विचार करत स्केटिंग करत होती. फिट्स आणि पॉस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी समजून करणं, मग जुळवत नेणं आणि शेवटी आपोआप होणं. ती पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी होती. तिथे असताना वेगाची चाचणी घेणं म्हणजे रोप रुजलं का हे उपटून पाहणं. ही चाचणी ठेवणं माझी चूक होती आणि मी तिला तसं सांगितलं.

दुसरी गोष्टही दिसली. चार किलोमीटरनंतर डावा पाय पुन्हा आत पडू लागला होता, तोही थकव्याच्या मानाने फार लवकर. चार आठवडे एवढं काम करूनही घोटा इतक्या लवकर का हार मानतोय? तेव्हा मी तिला अनवाणी डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं. ती ३० सेकंद अगदी स्थिर उभी राहिली. मग बूट-स्केट घालून, एका हाताने कठडा धरून तेच. घोटा लगेच आत.

म्हणजे पाय एकटा दोषी नव्हता. चाकांची फ्रेम बुटाखाली जिथे बसवली होती ती जागा त्या पायाला मानवत नव्हती. स्पीड बुटाची फ्रेम आडवी थोडी सरकवता येते. घोटा आत पडत असेल तर फ्रेम आतल्या बाजूला घेतात, म्हणजे पडणाऱ्या बाजूखाली आधार येतो. आम्ही डावी फ्रेम सुमारे २ मिलिमीटर आत घेतली. त्याच दिवशी पट्टीवर ती पहिल्यांदा शेवटपर्यंत गेली.

मग आराखड्यात दोन बदल केले. आठवड्याला एक छोटं वेगाचं सत्र परत आणलं: २०० मीटरचे सहा तुकडे, मध्ये पूर्ण विश्रांती. आणि एक नियम: डावा पाय आत पडला की तुकडा तिथेच सोडायचा, घड्याळ बघायचंच नाही. पहिल्या दिवशी सहापैकी दोनच तुकडे पूर्ण झाले. नवव्या आठवड्यात पाच.

निकाल

बाराव्या आठवड्याअखेर, त्याच मार्गावर, वारा नसलेल्या सकाळी, १० किलोमीटर २४ मिनिटं ५ सेकंदांत झाले. सरासरी ठोके १६८. वेग साधारण साडेचार टक्क्यांनी वाढला. एवढी वाढ निव्वळ ताकदीवर आणायची तर हवेविरुद्ध सुमारे १४ टक्के जास्त शक्ती लागली असती. ठोके तर किंचित कमीच होते. बैठक खाली आल्यामुळे हवेचा विरोध घटला आणि पुश वाया जाईनासे झाले, असा मी त्याचा अर्थ लावतो. दोन्हींचा वाटा किती हे मला वेगळं करता येणार नाही.

४०० मीटरच्या फेरीत पुश ९६ वरून ७८ वर आले. डाव्या पायावरचा ग्लाइड दीड सेकंदावरून साडेतीन सेकंदांवर गेला. १० किलोमीटरमध्ये कंबर दुखली नाही.

४२ किलोमीटरच्या शर्यतीत तिने आधीची वेळ दहा मिनिटांनी मोडली. पण त्या आकड्याला मी पुरावा मानत नाही. तिला एक चांगला घोळका मिळाला होता आणि इतरांच्या मागे राहिलं की हवेचा विरोध बराच कमी होतो. मला जास्त आवडलं ते हे की ती त्या घोळक्यात टिकली. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये डावा पाय पुन्हा आत पडत होता आणि तिथे कंबरही थोडी बोलली, हेही नोंदवून ठेवतो.

पुन्हा करायचं झालं तर

अनवाणी एका पायावर उभं राहण्याची चाचणी पहिल्याच दिवशी घेईन. ती पाच मिनिटांची होती. ती न घेतल्यामुळे चार आठवडे एक प्रामाणिक माणूस चुकीच्या फ्रेमशी झगडत राहिला आणि पट्टी सुटली की स्वतःला दोष देत राहिला. याची मला खरोखर खंत आहे. चाकांची झीज पाहूनही मला सामानाचा संशय आला नाही, कारण तंत्र चुकतंय हे माझ्या मनात आधीच ठरलं होतं.

वेगाचं सत्र पूर्ण काढणार नाही. पाच आठवडे पाय भरभर हललेच नाहीत, तर शर्यतीची लय विसरणारच. पायाचा नियम लावलेले सहा छोटे तुकडे तिसऱ्या आठवड्यापासून चालले असते.

मधली चाचणी वेळेची ठेवणार नाही. एका फेरीतले पुश आणि डाव्या पायाचे सेकंद एवढंच मोजेन. हे दोन आकडे पाचव्या आठवड्यातही सुधारलेलेच होते. तेव्हा ते तिच्यासमोर ठेवले असते तर ती संध्याकाळ वेगळी गेली असती.

एकाबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही: गट सोडायला लावणं. गटात राहून ती हळू जाऊ शकली नसती असंच मला वाटतं. पण त्या बारा आठवड्यांत तीन वेळा ती सरावाला आली नाही आणि तिन्ही वेळा कारण एकटेपणाचंच होतं. तिच्याच वेगाचा आणखी एक जण सोबत जोडता आला असता, ते मी आधी सुचवायला हवं होतं.

सध्या काम वळणांवर चालू आहे. ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे वळणावर उजवा पाय डाव्यावरून पुढे येतो आणि डाव्या पायाला बाहेरच्या कडेवर उभं राहून शरीराखालून उजवीकडे ढकलावं लागतं. जी कड त्या पायाकडे कधी नव्हतीच तीच इथे लागते. इतकी वर्षं ती वळणावर पुश न देता नुसती घरंगळत जात होती, हे आम्हाला आत्ता कुठे दिसलं. आता पांढऱ्या पट्टीच्या जागी खडूने आखलेलं वर्तुळ आहे, वेग चालण्यापेक्षा थोडा जास्त, आणि दहापैकी सहा वेळा डावा पुश लागतो.